वरून एक धागा, बुडातून एक

तुमच्या घरात जो गालिचा पसरलाय, ज्यावर तुम्ही पाहुण्यांना कौतुकानं बसवता, तो कशाचा आहे हे तुम्हाला छातीठोकपणे सांगता येईल? आणि येत असेल, तर धागा कुठून उपटून बघितला होतात? वरून, की बुडातून?

मामा, यातला पहिला प्रश्न माझा. तो मी पिवळ्या कागदावर छापून तळेगाव ढमढेरेच्या बाजारात वाटला होता. दुसरा तुमचा. तो तुम्ही मला विचारलात तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चिडले होते. आज उत्तर आहे आणि ऐकायला तुम्ही नाही. तरी मी ते तुम्हालाच सांगणार. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं.

परवा, तुम्ही गेल्यानंतरचं तुमचं पुण्यानुमोदन झालं. दौंडच्या विहारात माणसं मावत नव्हती. भाषणं झाली. तुमची रेल्वेतली नोकरी आली, तुमचा वक्तशीरपणा आला, विहाराच्या बांधकामात तुम्ही वाहिलेल्या विटा आल्या. ज्या गालिच्यावर बसून सगळे हे ऐकत होते, त्याची फाटलेली कड तुम्ही दाभण घेऊन दोन दिवसांत शिवली होती, ते मात्र कुणी बोललं नाही. मी खाली मान घालून तुमचे टाके मोजत बसले. लोकांना वाटलं, पोरगी रडतेय. थोडी रडत होतेच. पण एक टाका तुम्ही वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं घातलाय, हे बघून हसूही येत होतं. दोरा संपला असणार आणि तुम्ही म्हणाला असणार, "कोण बघतंय!" मी बघितलं, मामा.

आपलं भांडण कुठून सुरू झालं, ते मला नीट आठवतंय. मी वाढले ती पत्रकांत. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाणवठ्यावर पत्रक काढलं, पोरींच्या शाळेवर काढलं, कंपनीतल्या कंत्राटी कामगारांवर काढलं. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर निषेध' या शब्दांवर. त्यामुळे कॉलेज संपवून मी तुमच्याकडे दौंडला महिनाभर राहायला आले, आणि निवृत्तीनंतर तुम्ही अंगणात लोकांचे गालिचे धुता, शिवता आणि बाजारात नवे-जुने विकता, हे बघितलं, तेव्हा मी पहिल्याच सकाळी चहाच्या आधी जाहीर केलं की कृत्रिम धागा हा माणसाचा शत्रू आहे. लोकर, सूत, ताग, हे जनतेचे धागे. बाकी सगळं कारखानदाराचं.

तुम्ही वाद घातला नाही. हौदातून नुकतं धुतलेलं एक सुती जाजम दाखवलंत आणि म्हणालात, "जनतेचा धागा हाय ना? मग उचल आन् टाक दोरीवर."

मी उचललं. म्हणजे एक टोक उचललं. पाणी पिऊन ते जाजम म्हशीएवढं जड झालं होतं. दुसरं टोक ओढायला गेले आणि त्याच्यासकट चिखलात बसले. मामी दारात उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. तुम्ही हात देऊन मला उठवलंत आणि शांतपणे सांगितलंत, "आता हे एकट्या म्हातारीला धुवायचं असंल, तर तिनं काय करायचं? तुझं पत्रक अंथरायचं व्हय?"

त्याच दुपारी माझी शिकवणी सुरू झाली. तुमची शाळा म्हणजे जर्मनची एक थाळी, चिमटा, काडेपेटी, पाण्यानं भरलेली वाटी आणि बिस्किटांचा जुना डबा. डब्यात धाग्यांच्या पुड्या. पहिला नियम तुम्ही दोनदा म्हणायला लावलात: धागा जाळायचा, गालिचा नाही. थाळी उघड्यावर ठेवायची, पाणी हाताशी.

लोकरीचा धागा ज्योतीपासून मागे सरकला, आकसला, कसाबसा पेटला आणि काडी बाजूला नेताच विझला. केस जळल्याचा वास आला. राख काळी, बोटात धरली की चुरा. सुताचा धागा मात्र भसकन पेटला, कागदासारखा वास, विझल्यावरही लाल निखारा पुढे सरकत राहिला आणि मागे मऊ राखाडी राख उरली. तागाचंही तसंच, फक्त वास जळक्या पोत्याचा. मग तुम्ही एक चमकदार, गुळगुळीत धागा दिलात. मी म्हणाले, "रेशीम!" तो सुतासारखाच भसकन पेटला. तुम्ही म्हणालात, "रेशीम आसतं तर केसावानी वास आला असता. ही लाकडाच्या लगद्याची करामत. व्हिस्कोज. रेशीम म्हणून इकत्यात. दिसाया नवरी, आन् एकदा धुतली की पार मलूल."

शेवटी प्लास्टिकची जमात. नायलॉन, पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीन. तिन्ही वितळले आणि चिमट्याच्या टोकाला कडक मणी झाला. नायलॉन कुठलं आणि पॉलिस्टर कुठलं, हे तुम्हालाही दर वेळी सांगता यायचं नाही, आणि तसं तुम्ही सरळ कबूल करायचात. पण पॉलिप्रॉपिलीन ओळखायला ज्योतही लागत नव्हती. त्याचा तुकडा वाटीतल्या पाण्यावर तरंगला, बाकीचे दोन बुडाले. "ह्यो पीपी," तुम्ही म्हणालात. "रांजणगावच्या कंपन्यांत पोत्यानं प्लास्टिकचा दाणा ओतत्यात ना, त्याच दाण्याचा. पाणी पीत न्हाई. डाग पडला तर पुसून काढ. तेलाचा सोडून. आन् कपाटाचा पाय वर ठेवलास, की तिथली लव बसली ती बसली. लोकर परत उठती, ह्यो उठत न्हाई."

मी सगळं वहीत लिहून घेत होते. वहीच्या कडेला मात्र माझी घोषणा तयार होत होती.

त्याच आठवड्यात मला तुमच्या घरात मामींच्या खोलीत प्लास्टिकची चटई सापडली. मी ती पुरावा म्हणून ओढत अंगणात आणली. "मामा! जगाला लोकर शिकवता आणि घरात हे?" तुम्ही काही बोलायच्या आत मामी म्हणाल्या, "लोकरीनं मला शिंका येत्यात. तुझ्या तत्त्वाला येत्यात का? न्हाई ना? मग ठेव ती जागेवर."

ठेवली. पण मानलं नाही. मी म्हणाले, तुम्ही इथे प्लास्टिकचे गालिचे घासता, त्यांचे बारीक तंतू गटारातून भीमेत जातात, मासे ते खातात, मग आपण मासे खातो. तुम्ही म्हणालात, "मी मासे खात न्हाई." मी म्हणाले, "मामी खातात." तुम्ही घासायचं थांबवून गटाराकडे बघितलंत. तो माझा त्या महिन्यातला एकमेव विजय, असं मी वहीत तारखेसह लिहिलं होतं.

आणि मग केंदूरच्या काकू आल्या.

त्या दिवशी बाजारात तुम्ही मला मालाजवळ बसवून चहाला गेला होता. काकूंनी नव्या बंगल्याच्या हॉलसाठी तुमच्याकडचा तांबडा गालिचा आदल्याच बाजारी पसंत करून ठेवला होता, लोकरीचा म्हणून. तो न्यायला त्या जीप घेऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोरी, तू शिकलेली दिसतीस. खरंच लोकर हाय का गं ही?"

प्रश्न सत्याचा होता आणि काडेपेटी माझ्या खिशात होती. गालिचा गुंडाळी करून ठेवलेला, त्याची खालची बाजू बाहेर. कडेला एक धागा लोंबत होता. मी तो उपटला, पेटवला. तो वितळला. कडक मणी.

मी काकूंना सांगितलं, "प्लास्टिक आहे." त्या गालिचा न घेताच जीपमध्ये बसल्या. तुम्ही चहाचा पेला माझ्यासाठीही घेऊन आलात, आणि मी तो घेतला नाही.

मला तेव्हा काय वाटत होतं, ते आज खरं सांगते. मला अभिमान वाटत होता. दादांनी शिकवलं होतं, आधी आपल्या घरातलं खोटं बाहेर काढायचं, मग दुसऱ्याचं. मी सख्ख्या मामाला सोडलं नाही, म्हणजे मी किती सच्ची! तुम्हाला एक शब्द विचारला नाही. तळेगावला घरी परत गेले आणि रात्रीत पत्रक लिहिलं. 'पायाखालचं प्लास्टिक! शुद्ध लोकर की भेसळ?' त्यात तुमचं नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती. त्या बाजारात गालिचे विकणारा दुसरा होता कोण?

पुढच्या बाजारी मी पत्रकं वाटत असताना तुम्ही तुमच्या ताडपत्रीवर बसला होता. एक मागून घेतलंत. चष्मा लावून, मोठ्यानं, गिऱ्हाइकांसमोर सगळं वाचलंत, पार खालच्या 'आपली नम्र'पर्यंत. आणि म्हणालात, "भाची हाय माझी. काय झक्कास लिवती! फक्त धागा चुकीच्या ठिकाणचा हाय."

मग तुम्ही तो तांबडा गालिचा उलगडलात. मला जवळ बसवलंत. "धागा कुठनं उपटलास, वरनं का बुडातनं? बघितलास का नीट? चपटा होता का गोल?"

चपटा होता. फितीसारखा.

"चपटी लोकर मेंढीच्या अंगावर कवा बघितलीस?"

बाजूची भाजीवाली हसली. तुम्ही नाही हसलात. गालिचा उलटा केलात आणि समजावलंत: खाली पीपीचं विणलेलं कापड असतं. मशीन त्यातून लोकरीचे टाके वर काढतं, ते सुटू नयेत म्हणून मागून रबराच्या चिकाचा थर देतात. बूड प्लास्टिकचं, अंगावरची लव लोकरीची. मग वरची लव चिमट्यात धरून एक धागा काढलात, पेटवलात. केस जळल्याचा वास. चुरा होणारी राख. पाच-सात माणसं वाकून वास घेत होती. माझ्या हातात उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता आणि तो कुठे ठेवावा मला कळत नव्हतं; शेवटी तो तुमच्या ताडपत्रीवरच राहिला.

"माझंबी चुकलंच," तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. "लोकर म्हणालो, बुडाचं न्हाई सांगितलं. इचारलं न्हाई तरी सांगाया पायजे हुतं." त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन धागे काढून दाखवू लागलात. वरून एक, बुडातून एक. चूक मोठी माझी, आणि शिस्त लावून घेतलीत तुम्ही.

पण काकू त्या बाजारात नव्हत्या. पत्रक मात्र त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. आणि परतताना मी माझ्या कानांनी ऐकलं. कुणीतरी कुणालातरी ते वाचून दाखवत म्हणत होतं, "ह्या लोकांकडनं घेतलं की आसंच व्हायचं."

मामा, ते वाक्य त्या माणसाच्या मनात आधीपासून असेल. पण त्याला पुरावा छापून दिला तो मी. तुमच्या भाचीनं, पिवळ्या कागदावर, फुकट.

मी ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्ही एकदाच म्हणालात, "आता दुसरं पत्रक काढ. चुकलं ते दुरुस्त कर. आन् त्यातून 'शुद्ध' काढून टाक." मी फणकारले. शब्दाला काय झालं? तुम्ही थाळीतली राख झटकत म्हणालात, "शुद्ध कोण, भेसळ कोण, ह्यो हिशेब लोकांनी आपल्याशी लई केला, पोरी. आपण धाग्याशी करायचा व्हय? धाग्याला इचारायचं, तू कशाचा, आन् तुला काय जमतं. दोन्ही खरं सांगितलं की झालं."

मी म्हणाले, ही भाषेची गोष्ट आहे, तुम्हाला कळणार नाही. तोंडातून निघालं तेव्हाच मला त्याची लाज वाटली. माफी मात्र मागितली नाही. दुसरं पत्रक लिहायला बसायचे आणि प्रत्येक मसुदा तिसऱ्या ओळीपर्यंत जाऊन कारखानदारांवर घसरायचा. तुम्ही फोनवर विचारायचात, "निघालं का?" मी म्हणायचे, "होतंय." शेवटचा फोनही तसाच. "निघालं का?" "होतंय, मामा." त्यानंतर मामींचा फोन आला. दुपारी जेवून तुम्ही जरा आडवे झालात आणि उठला नाहीत.

परवा सगळे गेल्यावर मी अंगणात हात धुवायला गेले. गटाराच्या तोंडाशी जुन्या धोतराचं फडकं दुहेरी करून बांधलेलं होतं. त्यात निळे, तांबडे, हिरवे बारीक तंतू साठून नमद्यासारखा, दाबून बसवलेल्या लोकरीसारखा थर झाला होता. मी मामींना विचारलं, हे काय? मामी म्हणाल्या, "तू गेलीस त्याच आठवड्यात बांधलं. दर आईतवारी साफ करायचे. मला म्हणले, तिला सांगू नको, डोक्यावर बसंल."

मामा! इतके महिने मी जिंकलेली होते आणि मला पत्ताच नाही!

मामींनी बिस्किटांचा डबा मला दिला. पुड्या उघडल्या तर प्रत्येक धागा पिवळ्या कागदात गुंडाळलेला. माझ्या उरलेल्या पत्रकांचे तुम्ही चौकोन कापले होते. 'निषेध' या शब्दात लोकर, 'जागे व्हा' यात ताग. आमच्या घरात इतकी पत्रकं निघाली, पण एवढ्या कामी एकही आलं नसेल. 'शुद्ध' असलेला चौकोन शोधला. त्यात पीपी होता. मुद्दाम ठेवला होता की सहज, हे तुम्हालाच ठाऊक.

काल मी तांबडा गालिचा घेऊन केंदूरला गेले. जीपवाल्यानं तो टपावर बांधला आणि वाटभर मला विचारत राहिला की लग्न कुणाचं आहे. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं, गालिचाही ओळखला. मी ओसरीवर थाळी मांडली. वरून एक धागा, बुडातून एक. दोन्ही जाळून दाखवले, आणि म्हणाले, "त्या दिवशी चूक माझी झाली. मामा खरे होते."

काकूंनी राख बोटात चुरून बघितली. मग म्हणाल्या, "आन् मामा कुठं हायती?"

मी सांगितलं. त्या थाळीशेजारी येऊन बसल्या. "आगं, मी त्या पत्रकावरून घराघरांत सांगितलं की गं, माणूस खोटा म्हणून." मग पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "चल, आता माझ्या घरातलं समदं बघ."

मग दुपारभर आम्ही त्यांच्या बंगल्यातला एकेक धागा जाळला. पायपुसणं पीपी. सोफ्यासमोरचं, शहरातून आणलेलं 'रेशमी' आसन चक्क व्हिस्कोज, त्यावर काकूंनी दुकानदाराला ज्या शिव्या दिल्या त्या छापता येणार नाहीत. देवघरातली सतरंजी मात्र अस्सल सूत, आणि काकूंच्या सासऱ्यांच्या, आबांच्या, घोंगडीनं असा वास सोडला की आबा आतून ओरडले, "कुणाचे केस जाळताय रं?" तुम्ही असतात तर पोट धरून हसला असता. गालिचा काकूंनी ठेवून घेतला. निघताना म्हणाल्या, "मी तोंडानं सांगीनच. पण छापलेलं ते छापूनच पुसाया लागतंय. काढ पत्रक."

निघालं, मामा. हेच ते. कारखानदारांचा मुद्दा मी सोडलेला नाही. प्लास्टिकचा धागा शंभर ठिकाणी विनाकारण वापरला जातो, आणि विकणारा ते लपवतो, हे मी म्हणतच राहीन. तुम्ही नसलात तरी हा वाद मी एकतर्फी जिंकणार नाही, तुमची बाजूही मीच मांडेन. मामींच्या शिंकांसकट. पण 'शुद्ध' हा शब्द मी काढून टाकला आहे. तुम्ही बरोबर होतात. आणि भाषा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळत होती.

आता वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. गालिचा घ्याल तेव्हा दोन धागे मागा, एक वरचा, एक बुडाचा, आणि प्रत्येक धागा कशाचा नि त्याला काय जमतं, दोन्ही विचारा. आणि माझं ते पिवळं पत्रक कुणाकडे अजून असेल, तर फाडू नका. त्याची मागची बाजू कोरी आहे. तिथे लिहा: 'बूड प्लास्टिकचं होतं, लव लोकरीची होती, विकणारा माणूस खरा होता.' आणि पुढची बाजू ज्याला वाचून दाखवली होती, त्याच्याच घरी जाऊन ही मागची बाजू मोठ्यानं वाचून दाखवा.